एकोणसत्तर फुटांवरचं तेल

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



एकाच तेलाला आपल्याकडे तीन नावं. शाळेत गुरुजी म्हणायचे रॉकेल. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणायचा घासलेट. आणि आमच्या घरात दखनी बोलली जायची, तिथं ते मिट्टी का तेल. लहानपणी मला ही तीन वेगवेगळी तेलं वाटायची. पुढं कविता लिहायला लागलो, शब्द उलटून पाहायची खोड जडली, तेव्हा कळलं की घासलेट हे ‘गॅसलाइट’चं आपल्या जिभेवर बदललेलं रूप मानतात आणि रॉकेल म्हणजे ‘रॉक ऑइल’, दगडाचं तेल. पेट्रोलियम या भारदस्त शब्दाचा अर्थही तोच. पेट्रा म्हणजे दगड, ओलियम म्हणजे तेल. एका नावात दगड, एकात माती, एकात उजेड.

या रॉक ऑइलचा माग काढत गेलं की आपण अमेरिकेतल्या एका लहानशा गावापाशी पोहोचतो. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या वायव्य कोपऱ्यातलं हे टायटसविल. १८५०च्या दशकात तिथं शे-दीडशे माणसांची वस्ती होती. भोवती जंगल, लाकूड कापण्याच्या गिरण्या आणि शेजारून वाहणारा एक ओढा. ओढ्याचं नाव ऑइल क्रीक. तेलाचा ओढा. नावावरूनच लक्षात येईल की तिथं तेल आहे ही गोष्ट कुणाला नव्यानं शोधायची नव्हती. पाण्यावर तेलाचा तवंग यायचा. ओढ्याकाठी लाकडाच्या ओंडक्यांनी बांधून काढलेले जुने खड्डे आहेत, गोरे लोक तिथं येण्याच्या कितीतरी आधीचे. सेनेका नावाचे तिथले मूळ रहिवासी पाण्यावर घोंगडी पसरायचे, ती तेलानं भिजली की पिळून घ्यायचे. अंगाला लावायला, जखमेवर चोळायला ते वापरायचे.

मग शोध कशाचा लागला? आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

त्याआधी एक खुलासा. टायटसविलच्या विहिरीला जगातली पहिली तेलविहीर म्हणण्याची पद्धत आहे. ते तितकंसं खरं नाही. ब्रह्मदेशात येनानजाऊंग इथं लोक पिढ्यान् पिढ्या हातानं विहिरी खणून तेल काढत होते. कास्पियन समुद्राकाठी बाकूला १८४०च्या दशकातच तेलासाठी बोअर मारलं गेलं होतं. त्याच बाकूजवळ सुराखानीला जमिनीतून येणाऱ्या वायूवर पेटणाऱ्या ज्वाळांचं मंदिर आहे, आणि त्याच्या भिंतीवर आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी कोरून ठेवलेले देवनागरी आणि गुरुमुखी लेख आहेत. कॅनडात ऑइल स्प्रिंग्ज गावी जेम्स मिलर विल्यम्स १८५८मध्ये तेल काढून विकत होता. पहिलेपणाचा हा वाद चालू राहील. टायटसविलपासून एक गोष्ट मात्र नक्की सुरू झाली. ठरवून, खडकात भोक पाडून, व्यापारासाठी तेल काढायचं आणि ते पाहून शेजाऱ्यानंही काढायचं, अशी जी धांदल उडाली ती आजतागायत थांबलेली नाही.

गोष्टीची सुरुवात औषधाच्या बाटलीपासून होते. पिट्सबर्गजवळ मिठाच्या खारट पाण्यासाठी बोअर मारलेले असत. सॅम्युएल किअर नावाच्या माणसाच्या बोअरमध्ये मिठाच्या पाण्याबरोबर तेल यायला लागलं. मिठवाल्यांच्या लेखी ही पीडाच. किअरनं ते बाटलीत भरलं आणि औषध म्हणून विकायला काढलं. संधिवात, खोकला, काय वाटेल त्यावर गुणकारी. आपल्या एस.टी. स्टँडवर जडीबुटीवाला जे बोलतो तेच, फक्त इंग्रजीत. त्यानं जाहिरातीचे कागद छापले ते नोटेसारखे दिसणारे, आणि त्यावर चित्र होतं मिठाच्या बोअरच्या मनोऱ्याचं.

जॉर्ज बिसेल नावाचा एक वकील होता. त्याआधी त्यानं लॅटिन-ग्रीक शिकवलं होतं, वर्तमानपत्रात काम केलं होतं, शाळा चालवली होती. १८५३मध्ये आपल्या जुन्या कॉलेजात त्यानं टायटसविलच्या तेलाची बाटली पाहिली. हे जळतं, म्हणजे याचा दिवा लागेल, हे त्याच्या मनात पक्कं बसलं. त्या काळी अमेरिकेत चांगला दिवा म्हणजे देवमाशाच्या चरबीचा, आणि ती महाग होत चाललेली. स्वस्तातला दिवा टर्पेंटाइन आणि अल्कोहोलच्या मिश्रणाचा, पण तो घरात स्फोट करायचा. कोळशातून केरोसिन काढण्याची युक्ती कॅनडाच्या अब्राहम गेस्नरनं दाखवली होती. पण कोळसा तापवून तेल काढण्यापेक्षा आयतं तेल जमिनीतून मिळालं तर? बिसेलनं भागीदार गोळा करून १८५४मध्ये कंपनी काढली. नाव ठेवलं पेनसिल्व्हेनिया रॉक ऑइल कंपनी.

तेलाची परीक्षा करायला त्यांनी येल विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक बेंजामिन सिलिमन यांना गाठलं. सिलिमन यांनी तेल उकळून त्याचे वेगवेगळे भाग पाडले. कमी उष्णतेला हलका भाग उडतो, जास्त उष्णतेला जड भाग. निम्मं तेल दिव्यासाठी उत्तम आहे, बाकीचंही वाया जाणार नाही, असा अहवाल त्यांनी १८५५मध्ये तयार केला. आणि अडकवून ठेवला. आधी माझे ५२६ डॉलर आणि ८ सेंट द्या, मग अहवाल. ते आठ सेंट मला फार आवडतात. जगाचा कारभार बदलणारा कागद त्या हिशेबापायी टेबलाच्या खणात पडून होता.

पैसे देऊन कागद सुटला. तेल उपयोगी आहे हे ठरलं. पण घोंगडी पिळून किंवा खड्डे खणून मिळणाऱ्या तेलानं दुकान चालत नाही. असं सांगतात की बिसेल उन्हापासून आडोसा म्हणून न्यूयॉर्कमधल्या एका औषधाच्या दुकानाच्या छपराखाली उभा होता, आणि काचेआड त्याला किअरची ती जाहिरात दिसली. मिठासाठी मारलेलं बोअर, आणि त्यातून आलेलं तेल. मग तेलासाठीच बोअर का मारू नये?

आता या गोष्टीतला मुख्य माणूस येतो, एडविन ड्रेक. जन्म १८१९चा. रेल्वेत कंडक्टर होता, तब्येतीनं नोकरी सुटली. तो न्यू हेवन शहरात ज्या हॉटेलात राहत होता, तिथंच कंपनीतला एक बँकवाला राहायचा, जेम्स टाऊनसेंड. त्यानं ड्रेकला या कामावर नेमलं. ड्रेकला तेलातलं काय कळत होतं? काही नाही. भूगर्भशास्त्र, यंत्रं? तेही नाही. त्याच्या जमेच्या बाजू दोन. माणूस रिकामा होता आणि जुन्या नोकरीमुळे त्याच्याकडे रेल्वेचा फुकट पास होता. १८५७च्या डिसेंबरात तो टायटसविलला पहिल्यांदा गेला, त्याच्या आधी त्याच्या नावची पत्रं तिथं जाऊन पडलेली. टाऊनसेंडनं पत्त्यावर लिहिलं होतं, ‘कर्नल’ ई. एल. ड्रेक. लष्कराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण गावानं कर्नलसाहेब म्हणून मान दिला आणि ती पदवी त्याला मरेपर्यंत चिकटली.

पुढच्या वर्षी कंपनीनं नवा अवतार घेतला, सेनेका ऑइल कंपनी. सेनेका लोकांचं नाव घेतलं, कारण ‘सेनेका तेल’ औषध म्हणून प्रसिद्ध होतं. कंपनीत सेनेका माणूस एकही नव्हता. ज्यांची जमीन गेली त्यांचं नाव तेवढं पाटीवर राहिलं. आपल्याकडेही कितीतरी सोसायट्यांना तिथं तोडलेल्या झाडांची नावं असतात, त्यातलाच प्रकार.

ड्रेक १८५८मध्ये बायकामुलांसह टायटसविलला राहायला आला. पगार वर्षाला एक हजार डॉलर. आधी त्यानं माणसं लावून खणून पाहिलं. पाणी भरलं. मग बोअर मारायचं ठरलं. बोटीवर असतं तसलं वाफेचं इंजिन आणलं. पण बोअर मारणारा माणूस मिळेना. ते काम जाणणारे मिठाच्या विहिरींवर होते आणि त्यांना हे वेड्याचं काम वाटायचं. कुणी हो म्हणून यायचाच नाही. शेवटी १८५९च्या वसंतात विल्यम स्मिथ नावाचा लोहार मिळाला. मिठाच्या विहिरींची हत्यारं घडवणारा. सगळे त्याला अंकल बिली म्हणायचे, आपण बिलीकाका म्हणू. मजुरी रोजची अडीच डॉलर, आणि त्यात त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलाचं काम फुकट.

बोअरची रीत साधी होती. जाड दोराला लोखंडी छिन्नी बांधायची, इंजिननं ती उचलायची आणि सोडायची. मुसळानं कांडावं तसं खडक कांडत जायचं. खडक लागल्यावर हे ठीक. पण टायटसविलला ओढ्याकाठची जमीन, वर सगळी वाळू नि चिखल. सोळा फुटांवर गेलं की भोक ढासळायचं, पाणी भरायचं, पुन्हा पहिल्यापासून. गावातली माणसं संध्याकाळी येऊन बघत बसायची. ‘ड्रेकचा वेडेपणा’ असं त्या जागेला नावच पडलं होतं.

इथं ड्रेकला जे सुचलं ते ऐकून आपल्याकडचा शेतकरी म्हणेल, यात काय विशेष? त्यानं बिडाच्या लोखंडाचे दहा-दहा फुटी पाइप आणले आणि ते ठोकत ठोकत वाळू-चिखलातून थेट खडकापर्यंत उतरवले. बत्तीस फुटांवर खडक लागला. आता छिन्नी पाइपच्या आतून चालवायची. वरची माती ढासळायचा प्रश्नच मिटला. श्रोतेहो, आपल्याकडे बोअरची गाडी आली की पहिला प्रश्न असतो, केसिंग किती फूट लागेल? मुरूम किती, पाषाण कुठं? ते केसिंग म्हणजे हेच. खडक आणि तेल आधीपासून तिथं होतंच, कंडक्टरकी केलेल्या या माणसानं मधल्या बत्तीस फुटांचा प्रश्न सोडवला. ड्रेकला नशीबवान म्हणून मोकळं होणारे लोक मला पटत नाहीत ते यामुळे. नशीब कुणालाही लागू शकतं, पण ढासळणाऱ्या भोकात पाइप ठोकायचं सुचायला त्या भोकाशी महिनोन् महिने झुंजावं लागतं.

खडकात काम दिवसाला तीन फुटांनी चाललं. पैसे मात्र त्याहून वेगानं संपत होते. कंपनीतले बाकीचे भागीदार केव्हाच कंटाळले होते. टाऊनसेंड एकटाच खिशातून पैसे पाठवायचा. ड्रेकनं आपल्या ओळखीवर पाचशे डॉलर कर्ज उचललं, गावातल्या दोघांनी त्याला जामीन दिले. बोअर मारणाऱ्या माणसाची ही अवस्था मी जवळून पाहिली आहे. माझ्या मामूंच्या शेतात तीन बोअर कोरडे गेले. प्रत्येक वेळी गाडीवाला विचारायचा, थांबू की अजून पन्नास फूट मारू? आणि माणूस त्या क्षणी थांबूच शकत नाही, कारण पुढच्या पन्नास फुटांत पाणी असलं तर मागचे दोनशे फूट वाया जातात. शहरात बसून हिशेब करणाऱ्याला ही गोष्ट कळत नाही. आणि खरं सांगायचं तर हिशेब करणाऱ्याचंही चुकत नसतं.

ऑगस्ट १८५९. टाऊनसेंडचाही धीर सुटला. त्यानं शेवटचे पैसे पाठवले आणि सोबत पत्र. देणी भागव, काम बंद कर, परत ये. टायटसविलला टपाल जायचं ते घोडागाडीच्या रस्त्यानं, रमतगमत. पत्र वाटेत असताना, शनिवार २७ ऑगस्टला, एकोणसत्तर फुटांवर छिन्नी एकदम सहा इंच खाली गेली. खडकात भेग लागली होती. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून बिलीकाकांनी अवजारं ठेवली आणि सगळे घरी गेले. बोअर मारणारा लोहार, त्याला काय चैन पडणार! रविवारी तो एकटाच विहिरीवर आला. पाइपात डोकावला, तर वरच्या काठाच्या थोडं खाली काहीतरी काळं तरंगत होतं. पत्र्याची नळी खाली सोडून त्यानं ते वर काढलं. तेल.

सोमवारी ड्रेक आला तेव्हा घरातल्या बादल्या, टब, पिंपं तेलानं भरून ठेवलेली होती. टाऊनसेंडचं पत्र पोहोचलं तेव्हा ते निरुपयोगी झालं होतं. टपाल चार दिवस आधी पोहोचलं असतं तर? मी असल्या जर-तरच्या फार नादी लागत नाही. तेल तिथं होतंच, वर्षा-दोन वर्षांत कुणीतरी काढलंच असतं. पण ती विहीर ड्रेकची राहिली नसती.

विहिरीला हातपंप जोडला. तेल यायचं ते दिवसाला पंधरा-वीस पिंपांच्या आसपास. आजच्या हिशेबानं किरकोळ. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बिलीकाका हातात दिवा घेऊन टाकीतलं तेल पाहायला गेले आणि सगळं पेटलं. विहिरीवरची लाकडी इमारत, साठवलेलं तेल, सगळं जळालं. दिव्यासाठी काढलेल्या तेलाला दिव्यानंच आग लावली. त्यांनी पुन्हा उभारणी केली.

एव्हाना टायटसविल ओळखू येईनासं झालं होतं. तेल लागल्याचं कळताच गावातला लाकडाचा व्यापारी जोनाथन वॉटसन घोड्यावर बसून ओढ्याकाठची शेतं भाड्यानं घेत सुटला. बिसेलनंही तिकडे न्यूयॉर्कमध्ये मिळतील तेवढे शेअर विकत घेतले आणि मग तोही जमिनी घ्यायला धावला. ड्रेकनं मात्र काही केलं नाही. जमीन घेतली नाही. पाइपच्या युक्तीचं पेटंट घेतलं नाही. शेकडो लोकांनी ती युक्ती जशीच्या तशी उचलली आणि ओढ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी मनोऱ्यांचं रान उभं राहिलं. १८६०मध्ये या भागातून साधारण साडेचार लाख पिंपं तेल निघालं. १८६२मध्ये तीस लाख.

एवढं तेल कुणाला हवं होतं? १८६०च्या सुरुवातीला पिंपाला वीस डॉलरपर्यंत भाव होता. १८६१च्या अखेरीला तो दहा सेंटवर आला. तेलापेक्षा पिंप महाग. कांद्याचं नि टोमॅटोचं काय होतं हे आपल्याला सांगायला नको. सगळ्यांनी एकदम पीक घेतलं की भाव मातीत आणि मग रस्त्यावर ओतायची वेळ. इथं तर तेल ओढ्यात वाहून जात होतं. पिंपं तरी कुठली? व्हिस्कीची, मिळतील ती. चाळीस गॅलनच्या पिंपात सांडलवंड धरून दोन गॅलन जास्त द्यायचे असं १८६६च्या सुमारास तिथल्या उत्पादकांनी ठरवलं. आज बातम्यांत बॅरलचा भाव सांगतात तो याच बेचाळीस गॅलनच्या बॅरलचा, म्हणजे सुमारे १५९ लिटरचा. दारूच्या पिंपाचं माप, आणि वरचं दोन गॅलनचं मनाचं मोठेपण!

त्या धामधुमीत माणसंही जळाली. १७ एप्रिल १८६१ला हेन्री राऊस नावाच्या माणसाच्या विहिरीतून तेल आणि वायू उसळला, ठिणगी पडली. राऊससह एकोणीस माणसं गेली. राऊस काही तास जिवंत होता. त्या अवस्थेत त्यानं मृत्युपत्र सांगितलं आणि आपल्या मालमत्तेचा मोठा भाग जिल्ह्यातल्या गरिबांसाठी आणि रस्त्यांसाठी ठेवला. रस्ते का, तर चिखल. पिंपं वाहणारे घोडे पोटापर्यंत चिखलात रुतायचे. गाडीवानांचं राज्य होतं, ते मागतील तो दर. १८६५मध्ये सॅम्युएल व्हॅन सिकेलनं पाच मैलांवर दोन इंची नळ टाकून तेल रेल्वेपर्यंत नेलं, तेव्हा गाडीवानांनी तो नळ रात्री उखडून टाकला. त्यांचीही पोटं होती. पण नळ पुन्हा टाकला गेला आणि गाडीवान संपले.

तो नळ निघाला होता पिटहोल गावातून. १८६५च्या जानेवारीत तिथल्या शेतात तेल लागलं. सप्टेंबरपर्यंत पंधरा हजार लोकवस्ती, पन्नासावर हॉटेलं, नाटकगृह. मग विहिरी आटल्या, आगी लागल्या. १८७७मध्ये गावाची सनद रद्द झाली आणि नंतर उरलंसुरलं गाव सरकारजमा झालं ते चार डॉलर सदतीस सेंटला. आज तिथं गवतात रस्त्यांच्या खुणा आहेत.

टायटसविलचं तसं झालं नाही. गाव टिकलं. मात्र १८७०नंतर तेल कुणाच्या विहिरीतून निघतं यापेक्षा ते वाहून कोण नेतं आणि शुद्ध कोण करतं याला महत्त्व आलं. क्लीव्हलँडच्या जॉन रॉकफेलरनं हे आधी ओळखलं. १८७२मध्ये त्याच्या गटानं रेल्वे कंपन्यांशी गुप्त करार केला. बाकीच्यांना वाहतुकीचा दर जवळजवळ दुप्पट आणि यांना सूट. सूटच नव्हे, इतरांनी भरलेल्या जादा भाड्यातलाही वाटा. बातमी फुटली. टायटसविलच्या नाटकगृहात हजारोंच्या सभा झाल्या. त्या वेळी गावात आयडा टार्बेल नावाची चौदा वर्षांची मुलगी होती. तिचे वडील तेलासाठी लाकडी टाक्या बनवायचे आणि तेही या आंदोलनात होते. तो करार बारगळला, पण रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल कंपनी वाढतच गेली. स्वतंत्र तेलवाले एकामागून एक विकले गेले.

आणि ड्रेक? कंपनीनं त्याला काढून टाकलं. काही काळ तो गावात न्यायपंच होता, तेलाची दलाली करायचा. १८६३मध्ये गाव सोडलं. जवळचे पैसे तेलाच्याच शेअरमध्ये गेले. मज्जातंतूंच्या दुखण्यानं अपंग झाला. ज्यानं तेलाची वाट दाखवली तो उपाशी आहे, हे टायटसविलच्या लोकांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी वर्गणी काढली. १८७३मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळानं त्याला वर्षाला दीड हजार डॉलर मंजूर केले. १८८०च्या नोव्हेंबरात बेथलहेम गावी तो वारला.

तोवर त्या तेलाचा प्रवास आपल्यापर्यंत येऊ लागला होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेचं केरोसिन पत्र्याच्या डब्यांतून मुंबई बंदरात उतरू लागलं, त्याच्यामागून रशियाचं. गावोगावी पणतीतलं एरंडेल, करडईचं तेल मागं पडलं, चिमणी आली, कंदील आला. रिकामा डबा तर तेलापेक्षा जास्त टिकला. पाणी भरायला, धान्य ठेवायला, कापून छपराला. दर्ग्याच्या कोनाड्यातला चिराग आणि रमजानमध्ये सहरीसाठी गल्ली जागवत फिरणाऱ्या फकिराच्या हातातला कंदील माझ्या आठवणीत याच तेलावर जळतो. कंदिलाची काच राखेनं पुसायचं काम माझ्याकडे असायचं. अभ्यास, भाकरी, बाळंतपण, सगळं त्या उजेडात झालं. आणि त्याच तेलानं किती लेकीसुना जाळल्या गेल्या, हेही आपल्याला माहीत आहे. रॉकेल हा शब्द मी कवितेत वापरायला बिचकतो तो त्यामुळे.

ड्रेकची कबर बेथलहेमलाच राहिली असती. पण स्टँडर्ड ऑइलच्या बड्या अधिकाऱ्यांपैकी एक, हेन्री रॉजर्स, यानं पैसे दिले आणि १९०१मध्ये टायटसविलच्या दफनभूमीत भव्य स्मारक उभं राहिलं. पुढच्या वर्षी ड्रेकच्या अस्थी तिथं आणल्या. स्मारकाच्या मधोमध ब्राँझचा पुतळा आहे, तो ड्रेकचा नाही. गुडघ्यावर बसून घण उगारलेला एक उघडा कामगार आहे. मी फोटोत पाहिला. मला तो अडीच डॉलर रोजावरच्या बिलीकाकांचा वाटतो.

गंमत अशी की त्याच रॉजर्सनं १९०२पासून आयडा टार्बेलला मुलाखती दिल्या. ती चौदा वर्षांची मुलगी आता नावाजलेली पत्रकार होती. दोघं एकेकाळी त्याच ओढ्याकाठी राहिलेले, त्यामुळे गप्पा जमल्या. ती आपल्याबद्दल बरं लिहील अशी त्याची समजूत असावी. तिच्या वडिलांनी तर तिला या भानगडीत पडू नकोस म्हणून सांगितलं होतं. पण तिनं कोर्टाची कागदपत्रं, साक्षी, करार शोधून काढले आणि स्टँडर्ड ऑइलचा इतिहास मासिकात क्रमशः लिहिला. १९०४मध्ये पुस्तक आलं. १९११मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या कंपनीचे चौतीस तुकडे करायला लावले. त्यातल्या न्यूयॉर्कच्या तुकड्याचा धंदा आपल्याकडे होता. पुढं तो स्टॅनव्हॅक झाला. त्यानं १९५४मध्ये मुंबईत तुर्भ्याला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू केला, मग तो एस्सो झाला, आणि १९७४मध्ये सरकारनं ताब्यात घेतल्यावर हिंदुस्तान पेट्रोलियम. आमच्या रेशनच्या दुकानासमोर पाच लिटरचा कॅन घेऊन जी रांग लागायची तिचं एक टोक असं त्या ओढ्यापर्यंत जातं.

त्या ओढ्यानं पुढं गावावर सूडही उगवला. १८९२च्या जूनमध्ये महापूर आला, टाक्या फुटल्या, पाण्यावर पसरलेलं तेल पेटलं. टायटसविल आणि खालचं ऑइल सिटी मिळून शंभराहून जास्त माणसं बुडून आणि भाजून मेली.

आज ड्रेकच्या विहिरीच्या जागी लाकडी मनोऱ्याची प्रतिकृती आणि संग्रहालय आहे. तिथून काही मैलांवर १८६१मध्ये मारलेली एक विहीर आहे, मॅक्लिंटॉक नंबर एक. दीडशेहून अधिक वर्षं तिच्यातून थोडं थोडं तेल निघत आलं. वर्षाकाठी थोडीशीच पिंपं. त्या तेलाला आता कारखान्यात कुणी विचारत नाही. ते छोट्या बाटल्यांत भरतात आणि संग्रहालयात येणाऱ्यांना आठवण म्हणून विकतात. किअरनं विकायला काढलं होतं तसंच, फक्त आता त्यावर कुठल्या आजाराचं नाव छापलेलं नसतं.